मेथीची राहिलेली जुडी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी पंधरा दिवसांपूर्वी मला विचारले, "यंदा तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "भाजीवर." त्या घाईत होत्या. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत "पालेभाज्यांचे महत्त्व" असे छापूनही टाकले. तेव्हा प्रथमच क्षमा मागते. पालेभाजीत लोह किती आणि जीवनसत्त्वे कोणती, हे आज मी सांगणार नाही. ते आपल्या अंगणवाडीच्या ताई माझ्यापेक्षा चांगले सांगतात. मी बोलणार आहे ती भाजी विकणाऱ्या माणसांविषयी, त्यातही ज्यांना आपण पूर्वी अपंग म्हणत होतो आणि हल्ली दिव्यांग म्हणतो अशांविषयी. खरे सांगायचे तर त्यांच्याविषयी थोडे आणि त्यांच्यापुढे पिशवी घेऊन उभ्या राहणाऱ्या तुमच्या-माझ्याविषयी अधिक.

आपले राहू हे मुळा-मुठेच्या काठचे गाव. सारा बेट भाग उसाचा. जिकडे पाहावे तिकडे ऊस, आणि हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळांचा गोड धूर. पण गंमत पाहा, ज्याच्या बांधाला बांध लागून चार-चार एकर ऊस उभा आहे त्याच्या घरी कोथिंबिरीची काडी विकत आणावी लागते! माझ्या सासूबाईंच्या काळी विहिरीच्या थारोळ्याजवळ चार वाफे भाजीचे असत. ते गेले. त्यामुळे आठवड्याचा बाजार आपल्याला चुकत नाही. कोणत्या गावचा बाजार ते मी सांगत नाही. आपल्या भागात जवळजवळच्या कितीतरी गावांना बाजार भरतो, आणि मी जे सांगणार आहे ते त्यातल्या कोणत्याही बाजारात तुम्हांला दिसेल.

त्या बाजारात एक बाई मेथी, शेपू आणि कोथिंबीर घेऊन बसते. वयाने पंचेचाळिशीची असेल. लहानपणी पोलिओने तिचा उजवा पाय गेला. तीनचाकी सायकलीवर पाटी बांधून येते आणि बाजाराच्या अगदी तोंडाशी, जिथे मोटारसायकली लावतात तिथे, पोते अंथरून बसते. मी तिला पुष्कळ वर्षे पाहत आले होते. पाहत आले, म्हणजे जाता-येता नजर टाकत आले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस होते. माझी सगळी खरेदी झाली होती, दोन्ही पिशव्या भरल्या होत्या आणि मेथी तर आतल्या व्यापाऱ्याकडून आधीच घेतली होती. बाहेर पडताना ही बाई समोर दिसली. मनात आले, बिचारी ऊन झाल्यापासून बसली आहे. मी दहा रुपयांची नोट काढली, तिच्या पोत्यावर ठेवली आणि चालू लागले. माझ्या मनाला किती बरे वाटले म्हणून सांगू! चार पावले गेले नाही तोच मागून हाक आली, "आक्का, पेंडी ऱ्हायली की!"

मी मागे वळून म्हटले, "राहू दे गं, तुलाच राहू दे."

ती म्हणाली, "मला काय करायची? माझ्याकडं आनखी वीस हायेत. पैसे ठेवलं तर पेंडी न्या, न्हाईतर पैसे बी न्या. आज सकाळपासनं सहा जणींनी पैसे ठेवलं आन् पेंडी ठेवली. पैसं आलं, पन मेथी इकली कुठं? सांजच्याला ती म्हशीम्होरंच टाकायची ना?"

भगिनींनो, मी शिकलेली बाई. या मंडळात इतकी वर्षे भाषणे करते. पण त्या क्षणी मला तोंडातून शब्द काढता आला नाही. मी परत गेले, जुडी उचलली, पिशवीत जागा नव्हती म्हणून हातात धरली आणि घरी आले. त्या रात्री आमच्याकडे मेथीच्या दोन भाज्या झाल्या, एक परतून आणि एक डाळ घालून. घरच्यांनी विचारले, "आज एवढी मेथी का?" मी काही बोलले नाही.

पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यात एकच विचार घोळत राहिला. मी त्या बाईला पैसे दिले, पण गिऱ्हाईक दिले नाही. तिने बी पेरले, पाणी दिले, पहाटे काढणी केली, जुड्या बांधल्या, पाणी शिंपडून आणल्या, आणि मी त्या सगळ्या कष्टांकडे पाठ फिरवून फक्त तिच्या पायाकडे पाहिले.

यावरून मला माझ्या सासूबाईंची एक आठवण येते. त्या आता नाहीत. फार मायेच्या होत्या, हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही त्यांच्याविषयी भलताच ग्रह करून घ्याल. माझे लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. दारावर एक माणूस पेरू विकायला आला. पेरू सुंदर होते, पिवळेधमक. मी डझनभर घेतले. घेताना पाहिले, त्याच्या हाताची बोटे आखूड होती. सासूबाईंनीही ते आतून पाहिले असावे. तो गेल्यावर त्यांनी मला काही न बोलता पेरूंची टोपली उचलली, गोठ्यात नेऊन रिकामी केली आणि मला साबणाने हात धुवायला लावले. पैसे मात्र त्या माणसाला पुरते दिले होते. एक पैसा कापला नव्हता.

सासूबाईंनी भीतीने पेरू टाकले आणि मी दयेने जुडी ठेवली. आम्हां दोघींत मी स्वतःला फार पुढारलेली समजत होते. पण हिशेब मांडला तर काय निघते? दोन्ही वेळा पैसे चुकते झाले आणि दोन्ही वेळा माल जनावरांपुढे गेला.

कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली शोधून काढले. हा रोग पापाने होत नाही, वंशाने येत नाही, हे तेव्हापासून माहीत आहे. आता तर औषधांनी तो पुरता बरा होतो आणि औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत त्याची लागण होण्याचे भय राहत नाही. पण वेळेवर औषध न मिळाल्याने वाकलेली बोटे मात्र तशीच राहतात. रोग जातो, खूण मागे राहते, आणि लोक खुणेलाच रोग समजतात. कायदाही कालपर्यंत तसाच समजत होता. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला एवढ्यावरून घटस्फोट मागता येत असे. ते कलम २०१९ साली काढून टाकले. आपल्या मंडळात मी हे मुद्दाम सांगते, कारण त्या कलमाचा चटका बाईला अधिक बसत असे.

आता तुम्हांला वरोऱ्याची हकीकत सांगते. बाबा आमटे आणि साधनाताई यांचे आनंदवन आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेले आहे. काहींनी पाहिलेलेही असेल. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ सरकारने त्यांना पन्नास एकर जमीन दिली. जमीन म्हणजे खडक आणि झुडपे, त्यांत साप आणि विंचू. सहा कुष्ठरोगी, जवळ चौदा रुपये, एक लंगडी गाय आणि दोन लहान मुले, एवढ्या संसारावर ते जंगलात राहायला गेले. १९५१ साली विनोबाजींच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. त्यांनी विहीर खणली. ज्यांची बोटे झडलेली त्यांनी पहारी धरल्या. पाणी लागले, धान्य आले, भाजी आली, गाई दूध देऊ लागल्या. खाऊन उरले तेव्हा त्यांनी ते विकायचे ठरवले.

आणि वरोऱ्याच्या लोकांनी ते घेतले नाही.

इथे मला नेहमी थांबावेसे वाटते. आपण आनंदवनाची गोष्ट सांगतो तेव्हा खडक फोडल्याचे सांगतो, सापांचे सांगतो. पण खडक फुटला. विहिरीला पाणी लागले. सगळ्यांत शेवटी अडले ते कोथिंबिरीच्या जुडीपाशी! ती जुडी घ्यायला हात पुढे यायला हवा होता, आणि तो हात तुमच्या-माझ्यासारख्या, संध्याकाळच्या भाजीची काळजी करणाऱ्या एखाद्या गृहिणीचा असायला हवा होता. त्या हाताला नकार द्यायला काहीच कष्ट पडत नाहीत. नुसते पुढच्या विक्रेत्याकडे सरकायचे.

मग १९५४ साली आनंदवनात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे सुमारे पन्नास स्वयंसेवक आले. कित्येक देशांतले तरुण-तरुणी होते ते. काही महिने तिथे राहून त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने विटा-माती वाहिली आणि दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या. वरोऱ्याचे लोक कुतूहलाने बघायला येऊ लागले. त्यांनी काय पाहिले? हे गोरे लोक रुग्णांमध्ये राहतात, त्यांच्याच हातची भाजी खातात, त्यांच्याच गाईंचे दूध पितात आणि त्यांना काही होत नाही. तेव्हा कुठे गावाची भीड चेपली आणि आनंदवनाच्या भाजीला आणि दुधाला गिऱ्हाईक मिळू लागले. साता समुद्रापलीकडच्या माणसांनी आमच्याच शेतातली भाजी खाऊन दाखवावी आणि मग आम्ही ती घ्यावी, याचे मला थोडे वाईटही वाटते. पण त्या मुलांनी लोकांना उपदेश केला नाही, हे मला फार आवडते. ती जेवली, एवढेच.

तर मीही ठरवले, आधी नीट गिऱ्हाईक व्हायचे. पुढच्या बाजारी व्यापाऱ्याकडे जाण्याआधी मी त्या बाईकडे गेले. मेथीच्या तीन जुड्या घेतल्या, एक शेपूची. असे तीन-चार बाजार गेले. मग एकदा घरचे काम लवकर आटोपले होते म्हणून मी तिच्या शेजारी पोत्यावर बसले ती दिवस मावळेपर्यंत. त्या एका दिवसात मला जे कळले ते इतक्या वर्षांच्या जाण्या-येण्यात कळले नव्हते.

तिच्या भावाने तिला दहा गुंठे रान करायला दिले आहे. मेथी महिन्याभरात काढणीला येते, म्हणून ती वाफे टप्प्याटप्प्याने टाकते. दर बाजाराला काहीतरी तयार असावे असा तिचा हिशेब. बी टाकणे, खुरपणे, काढणे, जुड्या बांधणे, सगळे ती करते. पाण्याची दारे मात्र भावजय धरते. मी विचारले, "खुरपायला त्रास नाही होत?" ती हसली. म्हणाली, "खुरपायला काय हो, साऱ्याच बाया बसून बसून सरकत्यात. रानात मी लंगडी न्हाई. बाजारात हाय."

हे वाक्य मी घरी आल्यावर वहीत लिहून ठेवले.

बाजारात ती लंगडी का आहे, तेही त्या दिवशी पाहिले. आत सिमेंटचे ओटे आहेत, वर पत्रा आहे, पण ओट्यावर चढायला गुडघाभर उंचीची पायरी. सायकल आत नेता येत नाही, पावसाळ्यात तर चिखलात रुतते. म्हणून ती तोंडाशी, उन्हात. भाजी उन्हात बसली की दोन तासांत मान टाकते. मग गिऱ्हाईक म्हणते, "हिची मेथी सुकलेली असते." मेथी सुकलेली असते ती बाईच्या हातगुणाने की पायरीच्या उंचीने? आणि दुसरी गोष्ट, जी पुरुषमाणसांच्या कधी ध्यानात यायची नाही. दुपारी मी तिला माझ्या बाटलीतले पाणी देऊ केले. ती नको म्हणाली. मी आग्रह केला तेव्हा हळूच म्हणाली, "आक्का, सकाळपासनं मी पानी पीत न्हाई बाजाराच्या दिशी." बाजारात बायकांची मुतारी आहे, पण तीन पायऱ्या चढून आणि दार इतके अरुंद की कुबडी आडवी होते. म्हणून ती सकाळी घर सोडल्यापासून रात्री घरी जाईपर्यंत घसा कोरडा ठेवते. एप्रिल-मे महिन्यातसुद्धा.

आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. केवढी मोठी गोष्ट! घरोघर जाऊन थेंब पाजणाऱ्यांत आपल्या मंडळाच्याही काही जणी होत्या. पण पोलिओ गेला म्हणून त्याने ज्यांचे पाय नेले ती माणसे कुठे गेलेली नाहीत. ती अजून तीस-चाळीस वर्षे बाजारात येणार आहेत. २०११ च्या जनगणनेत देशभरात दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. त्यानंतर २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे पूर्वीचे ७ प्रकार वाढवून २१ केले. म्हणजे आज मोजले तर आकडा वाढेलच.

आपल्या दौंड तालुक्यातच एक थोर उदाहरण आहे, आणि केडगावला जाता-येता आपण त्याच्या शेजारून जातो. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. रमाबाईंनी १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. अमेरिकेतल्या त्यांच्या मित्रमंडळींनी दहा वर्षे पैसे देण्याचे कबूल केले होते. रमाबाई हिशेबी. दहा वर्षांनंतर काय, हा विचार त्यांनी आधीच केला आणि केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन तिथे फळबाग लावायला घेतली. सदनाने आपल्या बागेच्या उत्पन्नावर उभे राहावे, दुसऱ्याच्या दानावर नव्हे, असा त्यांचा मनोदय. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, आणि त्या बागेचे मुक्ती सदन झाले. पुढे तिथे आंधळ्या स्त्रियांसाठीही घर झाले. रमाबाईंची लेक मनोरमाबाई परदेशातून ब्रेल लिपी शिकून आली होती. ती लिपी या मुलींना शिकवली जाई, आणि विणकाम, टोपल्या करणे अशी कामेही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. रमाबाईंना स्वतःला ऐकू कमी येत असे. वैद्यकी शिकावी म्हणून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या, पण कानांमुळे तो मार्ग बंद झाला. एवढी विदुषी, पण कान नाहीत म्हणून दार लागले. मला वाटते, दुसऱ्याच्या पैशावर किती दिवस राहायचे आणि आपले आपण कधी उभे राहायचे, हा विचार ज्याला कुठेतरी अडवले गेले आहे त्यालाच असा आधी सुचतो. हे माझे मत आहे, कोणत्या पुस्तकात वाचलेले नाही.

आमच्या त्याच बाजारात एक आंधळे गृहस्थ लिंबे, लसूण आणि आले घेऊन बसतात. लिंबे त्यांच्या घरच्या झाडांची. ते वजनाने विकत नाहीत. पाच-पाच लिंबांचा वाटा, लसणाचा वाटा, ठरलेला भाव. हाताने चाचपून ते नासके लिंबू असे बाजूला काढतात की डोळस माणसाने लाजावे. त्यांचे कठीण काम एकच, नोटा ओळखणे. शंभराच्या नोटेपासून वर उठावाच्या रेघा असतात, त्या बोटाला लागतात. पण बाजारात शंभराची नोट कितीजणी काढतात? सगळा व्यवहार दहा, वीस आणि पन्नासाचा, आणि त्या नोटांवर बोटाला लागेल अशी खूण नाही. नव्या दहाच्या आणि विसाच्या नोटेत लांबीला फक्त सहा मिलिमीटरचा फरक आहे. चुरगळलेल्या नोटेत तो कुठला कळतो? एकदा कुणी तरी वीस म्हणून दहाची नोट दिली. अंधाराचा फायदा घेणारी माणसे असतात, त्याला इलाज नाही. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी नोट ओळखून बोलून सांगणारी सोय मोबाइलमध्ये काढली, तीही त्यांच्या मुलाने घालून दिली. पण गर्दीत एक हात लिंबांवर, एक मोबाइलवर, आणि समोर चार गिऱ्हाइके खोळंबलेली, असे कसे जमणार?

आता त्यांच्याजवळ तो छोटा डबा आला आहे, मोबाइलवरून पैसे पाठवले की मोठ्याने "वीस रुपये मिळाले" असे बोलणारा. मला त्या डब्याचा आधी फार राग होता. साऱ्या बाजाराला आपली खरेदी कशाला ऐकवायची? पण या गृहस्थांच्या तोंडावर तो आवाज आल्यावर जे समाधान दिसते ते पाहिल्यापासून मी राग सोडला. तुमच्यापैकी ज्यांना मोबाइलने पैसे देता येतात त्यांनी त्यांच्याकडे तसेच द्यावेत. ज्यांना येत नाहीत त्यांनी नोट हातात देताना "ही वीसची" असे स्पष्ट सांगावे आणि ती विसाचीच असावी!

आता घासाघिशीचा प्रश्न. मागे एकदा मी हा विषय काढला तेव्हा आपल्याच एक भगिनी म्हणाल्या, "मग अशांशी भाव करायचा नाही का?" मला वाटते, करावा. जसा इतरांशी करता तसाच करावा. भाव केला म्हणजे तुम्ही समोरच्याला व्यापारी मानले. मेथी पिवळी असेल तर पिवळी म्हणावे. मी एकदा तसे म्हटले. तिला राग आला नाही. पुढच्या बाजारी तिने माझ्यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळून दोन जुड्या बाजूला ठेवल्या होत्या आणि दोन रुपये जास्त घेतले! मला फार बरे वाटले, नोट टाकून निघाले होते त्या दिवसापेक्षा कितीतरी अधिक. भाव करू नये तो दिवस कलल्यावर. त्या वेळी तिला सायकल हाकत अंधारात घरी जायचे असते आणि आपल्याला ते माहीत असते. तेव्हा पाडलेला भाव हा भाव नव्हे.

आणि रोजच्या गिऱ्हाइकाची किंमत पाहा. मंडळातल्या आठ जणींनी ठरवून, आधी सांगून, दर बाजाराला तिच्याकडून दोन-दोन जुड्या घ्यायला सुरुवात केली त्याला आता वर्ष झाले. सोळा जुड्या नक्की जाणार हे कळल्यावर तिने दोन वाफे वाढवले. ही गोष्ट नुसत्या दहाच्या नोटांनी होत नव्हती. नोट आज मिळते, उद्या मिळेल की नाही कोण जाणे. तिच्यावर भरवसा ठेवून कोणी बी पेरत नाही.

पण पायरी राहिली आहे. मुतारीचे दार राहिले आहे. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चावी असा आपल्या राज्याचा नियम आहे. २०१६ च्या कायद्यातही विकासाच्या योजनांत ५ टक्के वाटा सांगितला आहे आणि त्यात स्त्रियांना अग्रक्रम. तेव्हा मागायचे ते भीक म्हणून नाही. बाजाराच्या एका ओट्याला उतार करून मिळावा, कडेचा एक ओटा खाली, सायकलीवरून सरकून बसता येईल एवढ्या उंचीचा असावा, आणि बायकांच्या मुतारीला एक दार रुंद, पायरीशिवाय आणि आत धरायला दांडा, एवढेच. गवंड्याचे चार-सहा दिवसांचे काम. मी आमच्या नात्यातल्या एका गवंड्याला विचारले. तो म्हणाला, ओटा बांधतानाच हे सांगितले असते तर वेगळा खर्चही आला नसता. सांगितले नाही, कारण सांगणारी बाई ओट्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती.

मी अर्ज लिहून आणला आहे. त्यावर पहिली सही त्या बाईची आहे, दुसरी लिंबेवाल्यांच्या अंगठ्याची. त्यांना सही येते, पण ते म्हणाले अंगठाच बरा, रेघ सापडत नाही. खाली जागा मोकळी ठेवली आहे. चहाच्या टेबलाशेजारी तो कागद ठेवते. ज्यांना वाटेल त्यांनी सही करावी आणि सही केल्यावर गावाचे नाव अवश्य लिहावे, म्हणजे कोणत्या गावच्या बायका या बाजारात खरेदी करतात ते वाचणाऱ्याला कळेल. सोमवारी आम्ही चौघी जणी तो द्यायला जाणार आहोत. पेन मात्र प्रत्येकीने आपले आणावे. मागच्या अर्जाच्या वेळी माझे दोन गेले, ते अजून परत आले नाहीत.